पाटावरची हौसा

हौसाची बाकीची बोटे माझ्या कडेवर टेकत, करंगळी मात्र अधांतरी राही. सांधा सुजल्यामुळे ती पुरती वाकत नसे. ताप उतरून बरेच दिवस झाले होते, तरी घरात कुणाच्या ते लक्षात आले नव्हते. मला तर डोळेही नाहीत. मला ती सूज करंगळीच्या न टेकण्यावरून कळली.

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. माझे लाकूड रोह्याकडच्या फणसाचे, रंधा मारला पेणच्या सुताराने. दरवर्षी पावसाळ्यात मला पेणच्या मूर्तीच्या कारखान्यात नेऊन ठेवत. तिथे माझ्यावर गणपती घडे आणि चतुर्थीला घरधनी पुंडलिकच्या डोक्यावरून मी मिरवत खाडीकाठच्या आमच्या घरी येई. तेव्हा लोक मलाही हात जोडत. विसर्जनानंतर माझ्यावरून काठाची मूठभर माती परत येई; ती घरात शिंपडली की माझी रवानगी माळ्यावर, लाकूडफाट्याशेजारी. वर्षभर अंगावर धूर साचे. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. राग आला तो पुढच्या गोष्टीचा.

त्या वर्षी गावात चिकुनगुनिया आला. पुंडलिकची बायको हौसा, मिठागरावर मीठ ओढणारी धडधाकट बाई, आडवी झाली. ताप गेला, सांधे मात्र धरलेलेच. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला नीट समजावले, "डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. यंदा मिठागराच्या चिखलात उतरायचं नाही. आणि रोज सकाळी थोडा वेळ शांत बस. पाठ टेकव, डोळे मीट, श्वास कसा येतो-जातो तेवढं बघ. त्यानं रोग जात नाही हो. पण दुखण्यानं जीव घाबरा होतो ना, तो निवतो. झोप लागते. गोळ्या आणि विश्रांतीला तेवढीच जोड."

घरातली सगळीच आजारी पडल्याने मला माळ्यावर टाकायला कुणाला सवड झाली नव्हती. मी पडवीत भिंतीशी उभा होतो. जमीन गार लागते म्हणून हौसाने मला आडवे केले आणि माझ्यावर बसून डोळे मिटले.

"गनपतीच्या पाटावर बसतंस?" सासू पुतळी ओरडली. "लाज हाय का नाय?"

हौसाने डोळे उघडले नाहीत. दुखऱ्या मनगटांना कंप सुटलेला. पुतळीचा आवाज एकदम खाली आला.

"अगो बया... हिच्या अंगान देव आयलाय!"

दुसऱ्या दिवशी शेजारीण रंभा नारळ घेऊन हजर. "देवा, माजी कोंबरी कनी चोरली?"

"मना काय म्हाईत गो! नर्सबाईला जाऊन इचार," हौसा वैतागून म्हणाली.

रंभा उपकेंद्राकडे धावली, तर कोंबडी त्याच्याच मागच्या उकिरड्यावर उकरत होती. झाले! पडवीत नारळांचा ढीग लागला.

मला संताप आला. बाई दुखणे सोसत बसली आहे आणि हे तिच्या पायांवर कुंकू वाहताहेत! सुजलेल्या घोट्यांना हात लावून नमस्कार करतात, पण हे एवढे सुजले कशाने, असे एकाच्याही तोंडून निघत नाही. पुतळीने तर कहर केला. गोळ्यांची पिशवी उचलून आपल्या पेटीत टाकली. "घरान देव बसलाय, गोल्या कशाला?" हौसाची झोप पुन्हा उडाली. नुकती कुठे माझ्या कडेला टेकू लागलेली करंगळी परत ताठ झाली.

मित्रांनो, शांत बसणे ही उपचाराची जोड आहे, उपचाराची सुट्टी नव्हे. आणि आजाऱ्याला मखरात बसवणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे. मखरांत मी पुष्कळदा बसलो आहे. त्यात बसवलेल्याला शेवटी पाण्यातच नेतात.

इथेही तेच होऊ घातले होते. दिवाळी सरली, मिठागराचे काम सुरू झाले. "बसाया जमतं, तर मीठ वढाया काय झाला?" पुंडलिक येता-जाता टोमणे मारी. यंदा जायचे नाही, हे हौसाने नर्सबाईंकडून परततानाच मनाशी ठरवले होते. नवऱ्याला सांगायचे तेवढे राहिले होते. रोज डोळे उघडले की ते शब्द ओठांशी येत, माझ्या कडेवरची बोटे घट्ट होत, आणि पुन्हा सैल पडत.

मग एका सकाळी भरल्या पडवीत पुंडलिकनेच हात जोडले. "देवा, हिला मिठावर कंदी पाठवू?"

देव म्हणून तिने नुसते "नको" म्हटले असते, तर ते मोडायची कुणाची बिशाद होती? मलाही वाटले, म्हणून टाक बाई!

हौसाने डोळे उघडले. लांब श्वास घेतला, सावकाश सोडला. मग भिंतीला धरून ती माझ्यावरून उठली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"देव नाय, हौसा बोलतेय," ती म्हणाली. "यंदा मी मिठावर येनार नाय. आये, माज्या गोल्या दे."