चाळीस नंबरचा दोरा

दहा

रविकिरणच्या दहाही बोटांना वास येतो. गुटख्याचा, भिजल्या सुपारीचा आणि वरून कसल्या तरी खोट्या गुलाबाचा. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला सवय झाली नाही. त्याच बोटांनी तो रोज सकाळी त्याच्या वडिलांच्या गळ्यातली चांदीची डबी उघडतो.

डबीत अप्पांचं इष्टलिंग आहे. आवळ्याएवढं, काळं, गुळगुळीत. अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मग पाणी प्यायचं. आधी नाही. माझे सासरे सिद्रामप्पा यांनी उदगीरच्या मोंढ्यात पन्नास वर्षं तूर हाताळली. आता त्यांचे हात इतके कापतात की डबीचं फिरकीचं झाकण त्यांना फिरत नाही. रविकिरण फिरवतो. अप्पा तोंड भिंतीकडे करतात. मी स्वयंपाकघरातून बघते.

श्रावणातल्या सोमवारी झाकणावर लाल ठिपका उमटला.

"काढ हात," अप्पा म्हणाले.

"अप्पा, हात धुतलेत की."

"तोंड धुतलंस का? उपाशी ऱ्हातो मी. जा."

राहिले. दुपारी एकपर्यंत पाण्याचा थेंब नाही. शेवटी अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चाचपत चाचपत डबी उघडली. त्यांना मोतीबिंदू आहे. मी पटकन उघडली असती. पण अप्पांच्या मानेवर घाम आणि भस्म मिळून राखाडी लगदा बसलेला असतो, त्याला माझं बोट लागेल म्हणून मी पुढे झाले नाही. हे सांगायला लाज वाटते. पण किळस खरी आहे.

मी म्हटलं, डबीऐवजी मी क्रोशाची पिशवी विणते. तोंडाला ओढदोरी. ओढली की उघडली, कुणाचा हात नको.

नंबर नाही

विणायची गरजच काय, असं अव्वांना वाटलं. त्यांनी जत्रेतून तयार पिशवी आणवली. सोनेरी. चकाचक. हातात धरली की मासा धरल्यासारखी निसटायची.

अप्पांनी अंगठ्यानं चोळली. "पॉलिश हाय," म्हणाले. डाळीबद्दल म्हणायचे तसंच.

मी एक धागा ओढून काडीनं पेटवला. सुती धागा जळला तर कागदासारखा वास येतो, बोटात राख चुरते. हा वितळला. काळा मणी झाला, नखाला चिकटला. प्लास्टिकचा वास पडद्यात बसला तो दोन दिवस हलला नाही.

"आता घर जाळ," अव्वा म्हणाल्या.

दहा, पुन्हा

रविकिरण लातूरला निघाला होता. चिठ्ठी दिली: सुती दोरा, चाळीस नंबर, पांढरा.

आणला दहा.

"चाळीस लई जाड असंल म्हणलं," तो म्हणाला. "अप्पाच्या मानेला टोचंल. अक्कल लावून दहा आणला."

"आकडा वाढला की दोरा बारीक होतो."

"उलटं कुठं असतंय का?"

"चाळणीचं काय असतंय मग?" आतून अप्पा ओरडले. "नंबर वाढला की भोक बारीक. मोंढ्यात काय झोपा काढतोस का रे?"

आणि दोरा अस्सल आहे का ते बघायला त्यानं तो दातानं तोडून बघितला होता. गुंड्याचं टोक ओलं. लाल. मी हातभर दोरा कापून चुलीत टाकला आणि उरलेल्याची पिशवी विणली, कारण अप्पांचं रोजचं उपाशी बसणं चालूच होतं.

साखळीचं कडं, भोवती खांब म्हणजे उंच टाके, सोळाचे बत्तीस. झरझर झाली. जाड दोरा असाच, कामाला लवकर येतो आणि लवकर फसवतो. तिसऱ्या दिवशी घामानं पिशवी ओघळली, लांब झाली, खांबांच्या फटी डोळ्यांसारख्या उघडल्या. अप्पा वाकले आणि लिंग एका फटीतून अर्धं बाहेर आलं.

त्यांनी छातीशी दाबून धरलं. दोन्ही हातांनी. हात कापत होते आणि ते हातांकडेच बघत होते.

जमिनीवर पडलं असतं तर ते पुन्हा जेवले नसते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

उसवली.

वीस

लातूरला मीच गेले. मधला म्हणून वीस बघावा म्हटलं, तर गंजगोलाईजवळच्या दुकानात तो संपला होता.

साठ

केसासारखा. न्हाणीघराच्या जाळीत अडकतो तसा केस. बघूनच अंगावर काटा आला. परत ठेवला.

चाळीस

दुकानदारानं स्वतःहून विचारलं, "ताई, रुमालाला का तोरणाला?"

"गळ्यातल्या पिशवीला. रोज घाम, रोज ओलं."

"मग फिकट रंग घेऊ नका, मळ दिसंल."

"दिसू दे. दिसला तरच धुतील."

चाळीस घेतला, आणि त्याला लागते तशी बारीक पोलादी सुई. खांब नाहीत या वेळी, नुसते आखूड टाके, एकाला एक चिकटून. सहा दिवस लागले. डोळ्यांतून पाणी यायचं. पिशवी उजेडापुढे धरली, आरपार काही दिसलं नाही. आत बोट घालून ताणली. हलली नाही.

सकाळी अप्पांच्या गळ्यात घातली. तेही मीच. लगद्याला बोट लागलं, थंड आणि बुळबुळीत. मी श्वास रोखला.

अप्पा पूजेला बसले. बोटं पिशवीच्या तोंडाशी फिरायला लागली.

"दोरी कुठं हाय गं?"

"हीच की अप्पा, तुमच्या चिमटीत."

"न्हाई लागत हाताला."

ओढदोरीही मी चाळीसचीच केली होती. देखणी, बारीक. कापणाऱ्या बोटांना ती कळतच नव्हती. लिंग धरायला जो दोरा बरोबर होता, तो माणसाला धरता येत नव्हता.

रविकिरण पुढे आला. गालात तोबरा. "आणा इकडं."

अप्पांनी मूठ मिटली. ती मूठ अव्वांनी दोन वाजता सोडवली.

चाळीस गुणिले आठ

दोरी कापून टाकली. चाळीसचेच आठ पदर घेतले आणि पीळ घालायला बसले. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं.

"दे," अप्पा म्हणाले. "सुतळीला पीळ घालण्यात जिंदगी गेली माझी."

"हात हलतील, अप्पा."

"हलू दे. सोडणार न्हाई."

सोडलं नाही. मी पीळ घालत गेले, ते टोक धरून बसले, आणि त्यांच्या धोतराला येणारा आंबूस वास मी सगळा वेळ नाकात घेतला. दोरी काडेपेटीतल्या काडीएवढी जाड झाली. दोन्ही टोकांना बोराएवढ्या गाठी मारल्या.

सकाळी रविकिरण सवयीनं पूजेच्या खोलीत शिरला.

"भाईर," अप्पा म्हणाले.

"अहो पण अप्पा..."

"भाईर म्हणलं न्हवं? थुकून ये आधी, मंग बोल."

गाठ त्यांच्या बोटांना सापडली. निसटली. सापडली. अव्वा मला विचारत होत्या, "झालं का गं? झालं का?" मी म्हणत होते, "नाही अजून." मदत करावी असं मला वाटलं आणि करू नये असंही, आणि दुसऱ्यातला किती भाग किळस होता ते मला सांगता येणार नाही.

पिशवीचं तोंड उघडलं. लिंग तळहातावर आलं. हात कापत होता, पण रिकामा नव्हता.

सव्वाआठला अप्पांनी पाणी मागितलं.

चार दिवसांत पिशवी मानेपाशी पिवळी पडली. ही धुवायची तेव्हा घालायला मी दुसरी विणायला घेतली आहे.