डाव्या खिडकीची चित्रं

राजश्रीच्या चित्रांत एक खोड होती आणि ती तिच्या लक्षात यायला तीस वर्षं लागली. तिची सगळी निसर्गचित्रं रस्त्याच्या डाव्या बाजूची होती. वेल्सचे डोंगर डावीकडचे, यॉर्कशरचा समुद्र डावीकडचा, मेंढ्यासुद्धा डावीकडच्याच. अख्ख्या ब्रिटनला जणू उजवी बाजूच नव्हती. कारण साधं होतं. राजश्री चित्रं काढायची आणि गाडी सीमा चालवायची.

दोघींची गाठ पडली ती नॉटिंगहॅमच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, चौदा एप्रिलच्या तयारीत. राजश्री जमिनीवर मांडी घालून बाबासाहेबांचं मोठं चित्र रंगवत होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी, कोणाचीच ओळख नसलेली एक बाई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चष्म्याची डावी काडी खाली गेलीय." राजश्रीला असा राग आला म्हणता! पण काडी खरंच खाली गेली होती. तिनं ती मुकाट्यानं वर घेतली, आणि त्या उन्हाळ्यात दोघी सीमाच्या लाल ॲस्ट्रा गाडीतून स्कॉटलंडला गेल्या.

पुढे दरवर्षी जात राहिल्या. नवरे कुरकुरले, पोरं मोठी झाली, गाड्या बदलल्या. बसायच्या जागा मात्र त्याच. सीमा स्टिअरिंगवर ताठ, नजर समोर. राजश्रीच्या मांडीवर पॅड, पायांत रंगांची पेटी, ब्रश बुडवायला लोणच्याची रिकामी बरणी. सीमा वाटेत थांबायची नाही. "पोचल्यावर काढ की," म्हणायची. तिला पोचण्यात रस, हिला वाटेत. म्हणून राजश्री धावत्या गाडीतच काढायला शिकली. झाड आलं की गेलं. जेवढं डोळ्यांत उरेल तेवढंच कागदावर. लोक तिच्या त्या घाईच्या फटकाऱ्यांचं कौतुक करायचे, त्याला स्टाइल म्हणायचे. स्टाइल कसली, सीमाचा हट्ट तो!

मग सीमाच्या डोळ्यांनी दगा दिला. दृष्टीचा मधला भागच जायला लागला. समोरचा माणूस पुसट आणि कडेचं सगळं शाबूत. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी तिनं लायसन्स पाकिटात घालून परत पाठवून दिलं. रडणं नाही, तक्रार नाही. मुलगा, सम्यक, म्हणाला, "आई, एकटी नको राहूस, ब्रिस्टलला ये, आमच्याजवळ राहा." तीही हो म्हणाली. मे महिन्यात जायचं ठरलं.

"गाडी विकायला काढते," सीमानं फोनवर सांगितलं.

"एवढ्यात नको विकूस," राजश्री म्हणाली.

"का? तू चालवणारेस?"

राजश्रीनं विषय बदलला. कारण साठी ओलांडलेल्या या बाईनं, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खरं करायला निघाल्यासारखं, ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. सीमा ब्रिस्टलला जायच्या आत पास व्हायचं आणि तिला आपणच पोचवायचं. मोटरवेनं नाही, जुन्या रस्त्यानं, शेवटची ट्रिप म्हणून. सम्यकच्या व्हॅनमध्ये सामानासारखी बसून सीमा निघून जाईल, हे राजश्रीला सहन होण्यासारखं नव्हतं.

पण बोलायची चोरी. सांगितलं आणि नापास झाली तर? म्हणून शनिवारी कुठे असतेस विचारलं की ती सांगायची, "विहारात. पालीचा क्लास असतो." बरं, धडधडीत खोटं बोलायचं तर विहाराचं तरी नाव घेऊ नये! दोनदा ती टेस्टमध्ये आपटली. एकदा राउंडअबाउटवर चुकीच्या लेनमध्ये घुसली, एकदा रस्त्याकडेच्या चेरीच्या झाडाकडे बघत बसली. शिकवणारा ग्रॅहम कपाळाला हात लावून म्हणाला, "राज, यू आर नॉट पेंटिंग इट!"

एका शनिवारी सीमा बसनं विहारात गेली. तिथे पालीचा क्लास नव्हता, कधीच नव्हता. संध्याकाळी ती राजश्रीच्या दारात हजर.

"पाली शिकतेस ना? मग त्रिशरण-पंचशील सोडून एक वाक्य म्हणून दाखव."

चोराच्या मनात चांदणं. राजश्रीच्या तोंडून ड्रायव्हिंगच्या क्लासात घोकलेलं निघालं, "मिरर, सिग्नल, मनूव्हर."

 सीमा तिथेच पायरीवर बसून हसली, एवढी हसली की डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ते अश्रू हसण्याचे राहिले नाहीत.

"माझ्यासाठी कशाला गं एवढं?"

"तुझ्यासाठी कोण करतंय? तू गेल्यावर मला कोण फिरवणार?" राजश्री म्हणाली, आणि तिलाही रडू फुटलं.

त्या दिवसापासून सीमानं तिला हाती धरलं. जेवणाच्या टेबलावर ताट म्हणजे राउंडअबाउट आणि वाट्या म्हणजे गाड्या. "उजवीकडची वाटी आधी जाऊ दे! मेलीस बघ!" आमटी सांडली, पण डोक्यात शिरलं. सीमाच्या निघण्याला चार दिवस राहिले असताना तिसरी टेस्ट झाली, आणि राजश्री पास झाली.

रविवारी राजश्री उजवीकडे बसली, सीमा डावीकडे. रंगांची पेटी मागच्या सीटवर. लेस्टर, वॉरिक, ईव्हशॅम करत गाडी आजीबाईसारखी चालली होती. मागून हॉर्न येत होते, त्यांना दोघी मराठीत उत्तरं देत होत्या. सुरुवातीला सीमाचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. चेल्टनहॅम मागे पडल्यावर तो थांबला.

 सवयीनं सीमाची नजर समोरच होती. समोर तिला धुकं दिसत असणार, पण डावीकडचं सगळं कडेनं आत येत होतं.

"राजी," ती म्हणाली, "ते पिवळं खरंच आहे?"

"काय पिवळं?"

"शेतं. तुझ्या चित्रांत असायची. मला वाटायचं, तू उगाच भडक करतेस. मी कधी बघितलीच नाहीत गं. रस्ताच बघत होते. तू रात्री हॉटेलात चित्र दाखवायचीस, तेव्हा मला कळायचं आपण कुठून आलो ते."

राजश्रीच्या आता लक्षात आलं. तीस वर्षं ही बाई शेजारी बसून फक्त डांबर बघत आली होती, आपण खिडकीतून हवं ते लुटावं म्हणून. आणि आज हिचं बघणं संपत आलं, तेव्हा कुठे हिला खिडकी मिळाली. ती शेतं आपणही एकदा बघावीत असं राजश्रीला फार वाटलं, पण समोर ट्रॅक्टर होता.

"चित्रातल्यासारखंच दिसतंय?" तिनं विचारलं.

"नाही. तू कमीच पिवळं केलं होतंस."

पुढे कडेला थांबायची जागा दिसली. राजश्रीनं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी आत घेतली. सीमानं काच खाली केली आणि मान थोडी तिरकी करून, कडेच्या नजरेनं ती बघत राहिली. मेंढ्या, दगडी कुंपण, पिवळं शेत. राजश्री मागे वळून पेटी काढेल असं कोणालाही वाटलं असतं. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

सम्यकचा फोन आला. "आई, व्हेअर आर यू? कुठे पोचली तुम्ही? जेवण रेडी आहे."

ब्रिस्टल तर तासाभराच्याही आत आलं होतं.

"अरे, अजून खूप लांब आहोत," सीमा म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या," आणि तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला.