दातेरी टोक

आत.

विहंगची छाती फाडायची नव्हती. दोन फासळ्यांमध्ये बोटभर भोक, त्यातून कॅमेरा. प्लास्टिकचा, स्वस्त, एकदा वापरून फेकायचा. डॉ. यामिनी रामटेकेंनी तो सरकवला आणि पडदा लाल झाला.

"ओढा, सिस्टर."

कलावती सिस्टरनं नळीनं रक्त ओढलं. पुन्हा भरलं.

बाहेर.

तेच रक्त टीव्हीवर. मागे एका पेशंटच्या माणसांनी इथल्या डॉक्टरचा जबडा तोडला होता. तेव्हापासून रुग्णालयाची पद्धत पडली : ऑपरेशन नातेवाइकांना दाखवायचं, म्हणजे संशय नको. कॅमेऱ्याचा डबा एकच. तो टीव्हीखाली ठेवला; कॅमेऱ्याची वायर आतून त्या डब्यात आणि तिथून दुसरी वायर परत आत, डॉक्टरांच्या पडद्याला. हे उलटं आहे, असं कुणाला वाटलं नाही.

नीलकंठनं दारावर बुक्की हाणली. "ऐ मॅडम! माह्या साल्याले काही झालं ना, तर एकेकाले इथंच गाडीन!"

"भैया, शांती से," गार्ड म्हणाला.

गोल बाजारातला कापडवाला नीलकंठ. विहंगला त्यानंच उचलून आणलं. बाइकवाल्यांनी भोसकलं, म्हणाला. त्याची बायको पायल, विहंगची बहीण, बाकावर बसली होती. एक डोळा सुजून बंद. पायरीवरून पडली, असं नीलकंठनं कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं होतं.

आत.

रक्त हटलं. फुप्फुसाला टेकून पोलादाचा तुकडा. एका कडेला बारीक दात.

बाहेर.

पायलनं उघड्या डोळ्यानं ते दात पाहिले. दुकानात कापडाचे नमुने कापायची कैची. धागे सुटू नयेत म्हणून दातेरी. सकाळी नीलकंठनं तिला केसांना धरून काउंटरवर आपटलं, विहंग मध्ये पडला, मग नीलकंठनं तिला बाहेर ढकलून आतून शटर खाली ओढलं. पुढचं तिला दिसलं नव्हतं.

आता दिसत होतं.

"तुमची कैची आहे," ती म्हणाली.

"चूप बैस."

"तुम्हीच मारलं त्याले."

गार्डनं मान वळवली. नीलकंठनं सलाईनचा स्टँड उचलून त्याच्या कानावर घातला. गार्ड कोसळला. नीलकंठ डब्याकडे धावला. त्या दातांसकट सगळं चित्रण त्यात साठत होतं. पायल आधी पोचली. डब्यावर पालथी पडली, कॅमेऱ्याच्या वायरचं टोक खाचेत दोन्ही मुठींनी दाबून धरलं.

"सोड!"

लाथ.

आत.

काळं.

"चित्र गेलं मॅडम!"

यामिनीचा चिमटा तुकड्यावर होता. हलला तर फुप्फुस फाटणार. तिनं श्वास रोखला.

चित्र आलं.

बाहेर.

"सोड म्हणतो ना!" बरगडीत लाथ. मग बोटांवर टाच. काहीतरी कडकन् मोडलं.

"नाही सोडत. मारा. नाही सोडत."

आत.

काळं. चित्र. काळं.

"बाहेर काय करून राहिले हे लोक!" सिस्टर ओरडली.

चित्र. यामिनीनं तुकडा ओढला. त्यामागून रक्ताची धार उडाली, थेट कॅमेऱ्यावर. लाल. काळं. लाल. कॅमेरा काढला, पुसला, पुन्हा घातला. धमनी फासळीखाली थुईथुई उडत होती.

"क्लिप!"

काळं.

क्लिप हवेतच थांबली.

बाहेर.

नीलकंठनं तिचे केस मुठीत धरले आणि डोकं फरशीवर आपटलं. परत. तिचे दात ओठात रुतले. मुठी तिथंच.

आत.

चित्र. चट. क्लिप बसली. धार थांबली.

बाहेर.

खालच्या मजल्यावरचे तिघे वॉर्डबॉय धावत आले. त्यांनी नीलकंठला पाडलं, त्याच्या पाठीवर बसले. तो ओरडत राहिला, बाइकवाले होते, बाइकवाले होते.

मग टीव्ही निळा झाला.

पायलनं मुठी अजून आवळल्या. वायर दाबली, आणखी दाबली. निळंच.

यामिनी बाहेर आली. मास्क खाली ओढला. फरशीवरचं रक्त, गार्ड, ही बाई पाहिली. पडद्यावरचं चित्र का जात होतं ते तिला कळलं.

"सोडा, ताई."

"चित्र जाऊन राहिलं." पायलच्या तोंडातून रक्तासोबत शब्द आले. "माह्या हातून सुटलं. मेला का?"

"नाही. आम्हीच काढला कॅमेरा. छातीचं भोक शिवलं."

"जित्ता हाय?"

"हव. जित्ता हाय."

पायलनं सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. कलावती सिस्टर खाली बसली आणि मोडलेली एकेक सरळ करू लागली. तेव्हा कुठं पायल किंचाळली.