खुब्यासाठी वाढवलेली चकती

मी चकती बोलतेय. गिरणीतली नव्हे, पंपातली नव्हे. माणसाच्या खुब्यात बसायला निघालेली. आकारानं अंगठ्याच्या नखाएवढी, जाडीला पाकिटाच्या कागदाएवढी. तोंड मला नाही, तरी बोलतेय, यावरूनच मी कोणत्या जातीची आहे ते ओळखा.

वय विचाराल तर माझी पंचाईत होते. एका हिशेबानं मी सेहेचाळीस वर्षांची, दुसऱ्या हिशेबानं चाळीस दिवसांची. स्थळ बघायला कुणी आलं असतं तर मी अर्थातच चाळीस दिवस सांगितले असते.

आधी माझं घराणं सांगते. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो, तो खुबा. गोळ्यावरही आणि वाटीतही एक पांढरं, गुळगुळीत अस्तर असतं. त्याला कूर्चा म्हणतात. ते आम्ही. घराणं मोठं, पण घरात सोय म्हणून नाही. रक्ताचा नळ आमच्यापर्यंत येत नाही आणि दुखण्याची वायर कुणी ओढलेलीच नाही. त्यामुळे आम्ही फाटलो तर भरून येत नाही, आणि फाटताना मालकाला पत्ताही लागत नाही. ओरडतं ते खालचं हाड, तेही आम्ही संपत आल्यावर. चोर गावाबाहेर गेल्यावर कुत्र्यानं भुंकावं, तसं.

माझा मालक फरशी बसवणारा. सत्तावीस वर्षं त्यानं उकिडवं बसून लोकांची घरं गुळगुळीत केली. दिवसाला आठ तास उकिडवं, वर जेवायलाही उकिडवंच. खुर्चीवर बसलं की माणूस गिऱ्हाईक होतो, असं तो म्हणायचा. त्याच्या धंद्यात दोन फरश्यांमधल्या फटीलाही सांधाच म्हणतात. दुनियेचे सांधे त्यानं बोटानं भरले. स्वतःच्या सांध्याकडे बघायची वेळ आली ती थेट मोठ्या पडद्यावर, ते पुढे येईलच.

आणि हाडाचा थापाड्या. "मी बसवलेल्या फरशीवरून एकदा मुंगी घसरली, पाय मोडला बिचारीचा, प्लास्टर मीच घातलं." असल्या थापा. पातळी बघायच्या पाणसळीतला बुडबुडा त्याला बघून आपणहून मधोमध येऊन उभा राहतो, हेही त्यानं पन्नास घरांत सांगितलेलं. तो हाडाचा थापाड्या, आणि मी त्या हाडावरचीच. तेव्हा माझंही सगळं खरं धरू नका. पण शेवटचं धरा.

एक दिवस तो उकिडवा बसला तो उठेचना. मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, त्याच्याच बरोबर काम करायचा. त्यानं काखेत हात घालून उचललं आणि रिक्षात घातलं. डॉक्टरांनी खुब्यात काडीएवढी दुर्बीण घालून बघितलं. गोळ्यावरच्या अस्तराला शर्टाच्या बटणाएवढं भोक पडलं होतं.

"भोवतालचं अस्तर अजून ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "नशीब चांगलं आहे तुमचं. तुमच्याच अस्तराचा मसुराएवढा कण काढलाय. तो बाहेर वाढवू, त्याची चकती करू आणि भोकावर बसवू. धरली तर पुन्हा उकिडवं बसाल. पण तोवर, चाळीस दिवस, या पायावर भार नाही. कुबड्या घ्यायच्या. आणि फरशीला हात लावायचा नाही. भोकाच्या कडा शाबूत राहिल्या तरच चकती धरेल."

"हात कशाला लावतोय," मालक म्हणाला. "मी फरशीकडे बघणारसुद्धा नाही. वर बघत चालेन."

असा माझा जन्म झाला. मसुराएवढ्या कणाच्या रूपात मला एका प्रयोगशाळेत नेलं. तिथं एक चष्मेवाली बाई होती. मी तिला दाई म्हणते. तिनं मला विरघळवून सुटं केलं, सपाट बाटलीत गुलाबी पाण्यात ठेवलं आणि माणसाच्या अंगाइतक्या उबदार कपाटात बंद केलं. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायची. सेहेचाळीस वर्षं जिला रक्ताचा थेंब मिळाला नव्हता, तिला आता ताटावर पक्वान्नं! मी वाढले. अशी वाढले की बाटलीच्या भिंती मला अपुऱ्या पडल्या. सूक्ष्मदर्शकाची काच मला बघून दिपली आणि दाईला दुसरा चष्मा करावा लागला. बरं, चष्म्याचं खोटं. पण एवढं खरं की ती शेजारच्या टेबलावरच्या सोबतिणीला म्हणाली, "ही बघ, काय वाढलीय! चार वर्षांत अशी बघितली नाही."

मग तिनं मला एका मऊ पडद्यावर पेरलं आणि मी चकती झाले. माझं एकच काम ठरलेलं होतं: त्या भोकावर जाऊन बसायचं आणि एका माणसाला पुन्हा जमिनीपर्यंत पोचवायचं. चाळिसाव्या दिवशी दाईनं मला काचेच्या बशीत घालून थंड डब्यात ठेवलं. डब्यावर चिठ्ठी होती: दोन दिवसांच्या आत वापरावे. आमच्यात लग्नाचा मुहूर्त असा लिहून येतो.

दवाखान्यात डबा एका ट्रॉलीवर ठेवला. मालक टेबलावर होता. कमरेखाली भूल दिलेली, कमरेच्या वर पूर्ण जागा. म्हणजे जीभ चालू. शेजारी मोठा पडदा होता आणि त्यावर त्याच्याच खुब्याचं चित्र दिसणार होतं.

"डॉक्टर, बघू का मी?"

"बघा. चक्कर आली तर सांगा."

"मी मुंगीचं प्लास्टर केलेला माणूस आहे."

सगळे हसले. मग पडद्यावर चित्र आलं आणि हसणं थांबलं.

मला डब्यातून दिसत नव्हतं; जे दिसल्यासारखं सांगतेय ते ऐकीव आहे. पण धाकट्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "सर, डबा उघडायचा का?" आणि सर म्हणाले, "थांब." त्या एका शब्दानं मला डब्यात जास्तच गार वाटलं.

डॉक्टर बराच वेळ दुर्बीण फिरवत राहिले. बोलला तो मालकच.

"बघून काय कळतंय? वाजवून बघा."

"वाजवून?"

"तुमच्याकडे काडी आहे ना वाकडी? तिनं दाबा. आम्ही फरशी वाजवून बघतो. खाली धरलेली नसली की पोकळ वाजते."

डॉक्टरांनी त्या वाकड्या काडीनं अस्तर दाबलं. पडद्यावर ते ओल्या गालिच्यासारखं हललं. दुसरीकडे दाबलं, तिथंही हललं. पलीकडे तर अस्तर नव्हतंच, नुसतं हाड. आणि समोर वाटीतही ओरखडे.

"पोकळ आहे," मालक म्हणाला.

"पहिल्यांदा बटणाएवढं होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "कडा सुटून सगळं पापुद्र्यासारखं सोलत गेलंय. तुम्ही काय केलंत?"

"आराम."

"मी पडद्यावर बघतोय हो."

मग त्यानं सांगितलं. छताकडे बघत, एकही थाप न मारता. मला त्याचा तो आवाज माहीतच नव्हता.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं बायको म्हणायची, "लोकांच्या घरात आरसे बसवता आणि माझ्या स्वयंपाकघरात उखडलेला कोबा. पाय ठेवला की वाळू चावते." तो म्हणायचा, वेळ मिळाला की बसवतो. वेळ मिळाला तो कुबड्या आल्यावर. बायको धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला बारा दिवस गेली. घरी हा एकटा आणि तो कोबा. अंगणात सत्तावीस वर्षांच्या उरलेल्या फरश्या रचलेल्या, सात रंगांच्या. पहिल्या दिवशी नुसतं माप घ्यायला बसला. म्हणे, माप घ्यायला भार कुठे लागतो! अकरा दिवस उकिडवा बसून त्यानं ती फरशी बसवली. बाराव्या दिवशी सांधे भरले, कुबड्या काखेत घेतल्या आणि खुर्चीत जाऊन बसला.

"ती आल्यावर ओरडली नाही?" धाकट्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दारातच उभी राहिली. चपला हातात. आत पाय टाकेना, मळेल म्हणून. मग विचारलंन, हे कुणी केलं? मी म्हटलं, तुझ्या दादानं. मी नुसता खुर्चीत बसून तोंड चालवत होतो. मेहुण्यालाही बजावून ठेवलं होतं, हो म्हण म्हणून. ती म्हणाली, दादाचा हात इतका सरळ कधीपासून झाला?"

डॉक्टर म्हणाले, "चकती तर आलीय. तिची तब्येत उत्तम आहे असं प्रयोगशाळेनं लिहिलंय. बसवून बघितली असती, पण..."

मी डब्यात ताठ झाले. बसवा! कशीही बसवा! मी हाडाला चिकटेन, हवेला चिकटेन!

"नका," मालक म्हणाला. "कडाच नाहीत, धरणार कशाला? पोकळीवर फरशी बसवली तर आठ दिवसांत उचकटते. मग गिऱ्हाईक शिव्या देतं."

"गिऱ्हाईक तुम्हीच आहात."

"म्हणून तर सांगतोय."

सेहेचाळीस वर्षं ज्याच्या अंगात काढली, त्यानंच मला नाही म्हटलं. आणि बरोबर म्हटलं. याहून वाईट काही असतं का? चुकीचं बोलला असता तर निदान भांडले तरी असते.

"मग आता काय?"

"काही महिन्यांनी धातूचा खुबा बसवू. दुखणं जाईल. चालाल, जिना चढाल."

"उकिडवं?"

"नाही. ते विसरायचं."

"म्हणजे फरशी गेली."

"भिंतीला टाइल्स बसवा की. उभ्यानं काम."

"भिंतीची पहिली ओळ जमिनीपासूनच धरतात, डॉक्टर."

मग त्यानं मला बघायला मागितलं. सिस्टरनं डबा उघडला आणि मला बशीतल्या बशीत त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर आलो. मी त्याच्या आत होते तेव्हा त्याला मी आहे हेही ठाऊक नव्हतं. त्यानं एक डोळा मिटला, फरशीची कड बघतात तसा.

"एवढीशी?" तो म्हणाला. "पण सरळ आहे हो. रंगपण एकसारखा. माल एक नंबर."

मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, तुझीच आहे रे मेल्या.

"डॉक्टर, बाहेर बायको बसलीय. तिला फरशीचं सांगू नका."

"मी खोटं बोलणार नाही. कागदावर जे आहे तेच लिहीन."

"कागदावर लिहा. ती कागद वाचत नाही, माझं तोंड वाचते. तोंडाचं मी बघतो. तिला कळलं ना, तर ती त्या स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही जन्मात. मग मी बसवली कशाला?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले.

ढकलगाडी दाराबाहेर गेली आणि दार झुलत राहिलं. त्या फटीतून मला ऐकू आलं.

"अहो, झालं? बसली का?"

"कुठली बसतेय! वाढलीच नाही गं ती. चाळीस दिवस बाटलीत नुसती लोळत पडली होती म्हणे."

बायको म्हणाली, "मेली आळशी. तुमच्यावरच गेली." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "एवढी काळजी घेतलीत हो तुम्ही. एक पाऊल टेकवलं नाहीत. त्या मेलीला काय धाड भरली होती?"

तो काय म्हणाला ते कळलं नाही. चाकांचा आवाज लांब गेला.

मला सिस्टरनं बशीसकट एका पिशवीत टाकलं. पिशवीत कापसाचे बोळे आहेत, हातमोजे आहेत, माझा गुलाबी घोट सुकत चाललाय. मी दुसऱ्या कुणाला चालत नाही. मी ज्याची, त्याचीच. संध्याकाळी पिशवी भट्टीत जाईल. माझ्यात अजून लाखभर पेशी जिवंत आहेत, आणि या वेळी आकडा फुगवून सांगितलेला नाही. एकेक करून विझतायत.

जन्मभर थापा मारायची हौस होती. शेवटी माझ्याच नावावर एक थाप चढली, आणि ती माझ्या बढाईची नाही, बदनामीची. मी वाढले होते हो. चार वर्षांत अशी कुणी वाढली नव्हती. हे तुम्हाला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण पुढे नेऊ नका. कधी त्या घरी गेलात, आणि ती बाई तुम्हाला त्या सात रंगांच्या फरशीवर बसवून माझ्या नावानं बोटं मोडायला लागली, तर मान डोलवा. म्हणा, हो, आमच्याही कानावर आलं. वाढलीच नाही म्हणे ती.