अंगात आलेली हिरवी फांदी

मित्रांनो, मी एक जुनं क्रोटन आहे, आणि मी झपाटलेलं आहे. घाबरू नका. माझं भूत हिरवं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाच्या मानगुटीवर बसत नाही.

उंचीने मी तुमच्या कमरेएवढं. आमच्या जातीला वाढण्यापेक्षा नटण्याची हौस जास्त. पानं लांबट आणि जाड, त्यांवर पिवळे शिंतोडे, कडेला शेंदरी, आणि मधल्या शिरेला असा लाल रंग की सायकलवाले मला पाहून ब्रेक दाबायचे. एकदा तर आगीचा बंब दारात येऊन उभा राहिला आणि नळी सोडणार एवढ्यात कोणीतरी सांगितलं, अहो, ते झाड आहे. खोटं वाटत असेल तर त्या बंबाला विचारा.

माझा जन्म बीतून झालेला नाही. कोणाच्या तरी कुंपणावरची एक फांदी काकूंनी मागून आणली. मागून आणली असं त्या सांगत. फांदी पिशवीच्या तळाशी होती आणि काकूंची चाल जरा घाईची होती, यावरून काय ते ओळखा. त्यांनी माझी खालची पानं काढली, पांढरा चीक पुसला, मला ओल्या वाळूत खोचलं आणि वरून काचेची बरणी पालथी घातली. मुळं फुटेपर्यंत मी त्या बरणीत राजासारखं राहिलं.

काकू म्हणजे टेलरमास्तरांची बायको. घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी कापड बेतायचं टेबल, आणि खिडकीपासून फाटकापर्यंत बाग. बाग कसली, दोन चादरी अंथरल्या की संपली. काकूंनी मला आधी भिंतीच्या सावलीत लावलं. तिथे माझा सगळा रंग उतरला, म्हणून त्यांनी मला उपटून उन्हात आणलं. जागा बदलल्याच्या रागाने मी एकूणएक पान गाळलं.

"रुस, रुस," काकू म्हणाल्या. "पाणी घालणारी मी, आणि रुसणार तू. बघू कोण आधी दमतं."

मीच आधी दमलं.

आता भुताचं ऐका. आम्ही रंगीत झुडपं मुळात उंच, साध्या, हिरव्या झाडांची लेकरं. ते जुनं झाड आमच्या आत कुठेतरी दडून राहतं. मधूनच बुंध्यापाशी एक निव्वळ हिरवा कोंब डोकावतो. त्याच्या अंगात भलता जोर असतो. हिरव्या पानाला उन्हातून पोटभर जेवण करून घेता येतं, आम्हा रंगीत पानांना नुसतं मिरवता येतं. त्याला मोकळं सोडलं तर सगळं पाणी तोच पितो आणि रंगीत फांद्या एकेक करून उपाशी मरतात. मला तो आतून ऐकू यायचा. "वर जाऊ," म्हणायचा. एवढंच. पण रोज.

काकू सकाळी चहाच्या आधी माझ्याजवळ वाकायच्या आणि हिरवा कोंब दिसला की अंगठ्याच्या नखाने खुडायच्या. मास्तर तेव्हा मशीनला तेल घालत असत. त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. गिऱ्हाइकं म्हणत, "मास्तर, तुमचं झाड म्हणजे दुकानाची पाटीच." मास्तर म्हणत, "त्याला काय करावं लागतं? आपलं आपण वाढतं ते."

आत उभ्या काकू हसत.

मग काकू आजारी पडल्या. आजार लहानसाच होता, पण काकू रोज त्याहून लहान होत गेल्या, आणि गेल्या.

खरं झपाटणं तिथून सुरू झालं. काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी चहाच्या आधीची वेळ झाली आणि माझ्या बुंध्याशी दोन बोटं आली. वजन नव्हतं. ऊब होती. बोटांनी कोंब शोधला, चिमटीत धरला, आणि कोंब तसाच राहिला, धुराने दोरा तोडायला जावं तसा. बोटं रोज येत. कोंब रोज वाढे. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत. ही त्यातली नाही.

कोंबाची फांदी झाली. फांदी खिडकीला लागली. कापड बेतताना मास्तरांनी मान वर केली, तर काचेला एक हिरवं पान टेकलेलं, कोणीतरी कपाळ टेकून आत बघावं तसं. काकू याच खिडकीतून त्यांना चहाला हाक मारत. मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला.

"आलीस?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्या फांदीची बडदास्त सुरू झाली. मास्तरांनी तिला काठीचा आधार दिला आणि काकूंच्या जुन्या कपड्याच्या मऊ पट्टीने बांधलं. गळ्यातली टेप काढून ते रोज तिची उंची मोजत आणि भिंतीवर खडूने रेघ मारत.

"मास्तर, माझी पँट कधी?" फाटकातून गिऱ्हाईक विचारी.

"थांबा जरा. हिचं माप चाललंय."

"हिला शिवताय काय?"

"तुमची पँट पळून जात नाही. ही एकदा गेलेली आहे."

इकडे माझी शेंदरी पानं गळत होती. मास्तर ती झाडून काढत आणि म्हणत, जुनी पानं, जायचीच. फांद्यामागून फांद्या वाळल्या. शेवटी रंगीत अशी एकच फांदी उरली, काकूंनी आणलेल्या मूळ फांदीची शेवटची खूण.

अशात काकूंची धाकटी बहीण राहायला आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर माझ्यावर पडली.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत ताईच्या झाडाचं?"

"बघ की, केवढं उंच झालंय," मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तीच आहे ती. सकाळी खिडकीशी येते."

धाकटी हसली नाही. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि तिने एक काटकी मोडून पाहिली. कट्ट आवाज झाला. चीक आला नाही.

"ताई ही हिरवी फांदी रोज खुडायची. मी आले की मलाही कामाला लावायची. म्हणायची, एखादा दिवस चुकला तर चालेल, महिना चुकला तर हे झाड आपलं राहणार नाही."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मास्तर टेप बोटाला गुंडाळू लागले. "म्हणजे तिने जे रोज काढून टाकलं, त्याला मी पाणी घालतोय?"

"तसंच झालंय खरं."

"मग तूच काप."

"मी नाही. मी कापलं तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडाल. ताईची म्हणून ही एक रंगीत फांदी उरलीय, आणि तीही चाललीय. तुमचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मोठी कात्री घेऊन बाहेर आले. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या महागड्या कापडावर डोळा न लववता कात्री चालवली, त्याच्या हातातली कात्री उघडली आणि मिटेना. आतून हिरवी फांदी म्हणाली, वर जाऊ. आणि चहाच्या आधीची वेळ झाली.

बोटं आली. त्या दिवशी ती कोंबाकडे वळली नाहीत. ती कात्रीच्या मुठीवर गेली, मास्तरांच्या बोटांवर बसली. मास्तरांनी दचकून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. धाकटी दारात उभी होती; तिला काहीच दिसलं नाही.

कात्री मिटली. पांढरा चीक मास्तरांच्या शर्टावर उडाला. त्याचा डाग कधीच जात नाही.

"आता हिचं काय?" फांदी हातात धरून ते म्हणाले. टाकून देववत नव्हती.

"ओल्या वाळूत खोचा. जगेल. ती कशानेच मरत नाही," धाकटी म्हणाली.

मुळं फुटल्यावर ती फाटकाबाहेर लावली, जिथे डोक्यावर आभाळाशिवाय काही नाही. आता ती छपरावर गेली आहे. ढग तिच्यात अडकतात, आणि ते सोडवायला कावळे ठेवावे लागतात. मला पुन्हा भरायला मात्र फार दिवस लागले. मास्तर सकाळी वाकतात, चष्मा नाकावर सरकवतात, आणि हिरव्याऐवजी कधी कधी माझं चांगलं रंगीत पानच खुडतात. चालायचंच. शिकणाऱ्याला धाक घालू नये.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी रोज वाकून काहीतरी करत असेल, जे तुम्हाला दिसत नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. काय करतेस, म्हणून विचारा. नंतर विचारलं तर उत्तर द्यायला माझ्यासारखं एखादं झुडूपच उरतं, आणि आमचं कोणी खरं मानत नाही.

ती बोटं आता येत नाहीत. पण मास्तर बाहेर निघाले की फाटकात थांबतात आणि म्हणतात, "येतो गं." फाटकाच्या आत मी, बाहेर ती. कोणाला म्हणतात, आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. वारा नसला तरी आम्ही दोघंही मान हलवतो.