शेवटची सीट रिकामी

प्रश्न : रोलर कोस्टर चढावर जाताना टकटक आवाज येतो, तो कशाचा?

साखळीचा, असं सगळे सांगतात. चूक. साखळी तुटली तर गाडी मागे घरंगळू नये म्हणून गाडीखालचा लोखंडी खटका एकेका खाचेत पडत जातो, त्याचा. लोकांना ज्या आवाजाने घाम फुटतो तो खरं तर धीर देणारा आवाज आहे.

आमच्या घरी जेवताना असलेच प्रश्न. नवरा पार्कात मुख्य मेकॅनिक, मी गाडी सोडायच्या पॅनेलवर, धाकटी नणंद फलाटावर, आणि सासूबाई कुठेच नोकरीला नसून सगळ्यांत हुशार. ज्याला उत्तर येत नाही त्याने सगळ्यांची ताटं उचलायची. नवऱ्यावर ती पाळी कधी आलेली नाही.

गेल्या आठवड्यापासून तो प्रश्नच विचारेनासा झाला. मला संशय आला तो तिथून.

आमच्या लाकडी कोस्टरचं नाव 'घार'. मालकाने फाटकावर पाटी आधीच रंगवून घेतली : जगातला सर्वांत वेगवान लाकडी कोस्टर. विक्रमाची मोजणी अजून व्हायची होती. चाचणीत घार दर वेळी थोडक्यात कमी पडायची आणि मालक नवऱ्याला बोलावून नुसतं पाटीकडे बोट दाखवायचा. परवा मात्र ती अचानक पाटीएवढी पळाली. गाडीत पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे होते. पुतळे कुणाला काही सांगत नाहीत. गाडी थांबल्यावर नवरा बराच वेळ शेवटच्या ब्रेकपाशी उकिडवा बसून होता.

"काय केलंस?" मी विचारलं.

"वारा मागून होता."

चढाच्या टोकावरचा झेंडा मला पॅनेलवरून दिसतो. तो काठीला चिकटून लोंबत होता.

प्रश्न : तीच गाडी, तेच रूळ, तरी दुपारनंतर वेग वाढतो. का?

ऊन खाऊन वंगण पातळ होतं. पण चाचणी सकाळची.

प्रश्न : भरलेली गाडी जास्त पळते की रिकामी?

भरलेली. पण पुतळ्यांत पाणी नणंदेनेच भरलं होतं, नेहमीच्या खुणेपर्यंत.

नणंदेचा संशय वेगळाच. "वहिनी, दादाचे हात बघितलेस? आठवडाभर स्वच्छ. नखांतसुद्धा काळं नाही. बाईबिई आहे की काय?"

"तुझ्या दादावर कोण भुलणार?"

"तू भुललीस की."

"मी पॅनेलवर होते. लांबून बरा दिसतो."

हसलो दोघी. पण हात स्वच्छ म्हणजे त्याने चाकांना हात लावलेला नव्हता. वंगण बदललं नव्हतं. मग काय बदललं होतं? चाचणीचा आवाज माझ्या डोक्यातून जाईना. टकटक, मग टोकावरची शांतता, मग गडगडाट, मग… त्यात काहीतरी कमी होतं. जेवायला बसावं आणि घरातलं एक माणूस नाही हे जाणवावं, पण कोण ते कळू नये, तसं.

मोजणीचा दिवस. फोटो चांगले यावेत म्हणून मालकाने कामगारांच्या घरची माणसं बसायला बोलावली होती.

"आई, तू आज येऊ नकोस," नवरा निघताना म्हणाला. "गर्दी असेल."

"गर्दीला मी कधीपासून घाबरायला लागले?"

"नको म्हटलं ना!"

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे त्यांनी ऐकलं असं नव्हे, हे त्याला या वयातही कळलेलं नाही.

आता फलाट. मोजणीवाले यंत्र लावून दुसऱ्या, मोठ्या उताराच्या पायथ्याशी. गाडी भरलेली. नणंद सीटचे दांडे ओढून तपासत गेली आणि मागे जाऊन अडखळली.

शेवटची सीट रिकामी.

आमच्याकडे रीत आहे, कुठे लिहिलेली नाही. ज्याने सकाळी गाडी तपासली, त्याने पहिल्या फेरीला शेवटच्या सीटवर बसायचं. उतारावर सर्वांत जोरात तीच खेचली जाते. कसर राहिली असेल तर तिथे बसणाऱ्याला कळते. नवऱ्याने ती सीट कधी सोडली नव्हती, तापातसुद्धा.

मी फोन उचलला. "कुठे आहेस?"

"खाली. शेवटच्या ब्रेकपाशी."

"तुझी सीट रिकामी आहे."

"कंबर धरलीय. सोड गाडी."

त्याच कंबरेने त्याने सकाळी भरलेला सिलिंडर उचलून आत नेला होता.

गाडी सोडायला दोन बटणं असतात. एक माझ्याकडे, एक फलाटाच्या दुसऱ्या टोकाला नणंदेकडे. दोघींनी एकदम दाबून धरायची. एकीने जरी नाही धरलं तरी गाडी जागची हलत नाही. नणंदेने अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पहिल्या सीटकडे पाहिलं.

नणंदेची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून सासूबाई बसल्या होत्या. मला हात केला. मग ओठांवर बोट.

आणि तो हरवलेला आवाज सापडला.

फुस्स.

दुसऱ्या उताराच्या आधी मधला ब्रेक आहे. हवेवर चालतो. गाडीचा वेग थोडा खातो आणि फुस्स करतो. परवा तो आवाज आलाच नव्हता. हवेची चावी फिरवली की हा ब्रेक उघडाच राहतो, गाडीला धरत नाही, आणि हात काळे होत नाहीत. मग न खाल्लेला सगळा वेग शेवटच्या ब्रेकवर जातो. जिथे नवरा परवा उकिडवा बसला होता. जिथे आत्ता उभा होता. तो ब्रेक तेवढा वेग धरेल की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं.

"मधला ब्रेक चालू आहे?"

"आहे." फार पटकन. "मोजणीवाले खोळंबलेत, सोड."

"आई पहिल्या सीटवर आहे."



"कुणाची?"

"तुझी."

"अंगठा काढ," तो म्हणाला. "काढ आधी! काढ!"

"ठेवलाच नव्हता."

सगळ्यांच्या देखत तो रुळाकडेच्या लाकडी पायऱ्या चढला. मधल्या ब्रेकपाशी वाकला, चावी फिरवली, खाली आला आणि कुणाकडे न बघता शेवटच्या सीटवर बसला. कंबर अजिबात दुखत नव्हती. मी अंगठा ठेवला. टकटक. शांतता. गडगडाट. फुस्स.

वेग पाटीएवढा भरला नाही. मोजणीवाल्यांनी यंत्र गुंडाळलं. मालक नवऱ्याला घेऊन ऑफिसात गेला आणि दार लावून घेतलं.

"मला तर भरपूर वेगात वाटली," सासूबाई टोपी परत करत म्हणाल्या.

जेवताना नवऱ्याने आठवड्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "प्रश्न. कोस्टरचा लूप, गाडी उलटी फिरवणारा, पूर्ण गोल का नसतो?"

"मान अवघडते म्हणून. थेंबासारखा करतात," सासूबाई म्हणाल्या. "काहीतरी अवघड विचार रे."

"मी विचारते," मी म्हटलं. "गाडीत रंगाऱ्याची बायको होती. तिकीटवाल्याचे वडील होते. त्यांच्या मागे ती हसरी, कँटीनवालीची बहीण."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आई घरीच राहिल्या असत्या तर?"

नणंदेचा हात ताटातच राहिला. सासूबाई मुलाकडे बघत होत्या.

तो उठला. स्वतःचं ताट उचललं, मग बहिणीचं, मग आईचं. माझ्या ताटात अजून घास होता. तेही उचललं.