बुडत्याला ट्यूबचा आधार

मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब बोलतेय! काळी, गुबगुबीत, अंगभर ठिगळं. तरुणपणी सोलापूरच्या कारखान्यांना ऊस पोचवला. म्हातारी झाले तशी माझ्या मालकाने, हरिबाने मला चाकातून काढून उजनी धरणाच्या पाण्यात सोडलं. उतारवयात अशी मौज कुणाच्या नशिबी येते? हरिबाला पोहता येत नाही. शेताला पाणी खेचणाऱ्या मोटारीच्या पाइपात अडकलेलं शेवाळ काढायला तो मला मिठी मारूनच पाण्यात उतरायचा.

माणसं मोठी गमतीची. पाइप कुणाच्या बांधावरून न्यायचा, यावरून हरिबा आणि शेजारचा अभिमन्यू असे भांडले, की एकमेकांचं तोंड बघेनात.

यंदा धरणाचं पाणी हटलं. जो तो आपली मोटार पुढे सरकवू लागला. अभिमन्यूही कमरेएवढ्या पाण्यात पाइप ओढत निघाला. पाण्याखाली धरणात बुडालेल्या जुन्या गावाची विहीर आहे, हे त्या बहाद्दराच्या ध्यानातच राहिलं नाही. एक पाऊल पुढे, आणि गडप! वर आला, ओरडला, पुन्हा खाली.

काठावर एकटा हरिबा. मला वाटलं, आता हा मान फिरवणार. पण त्याने मला उचललं आणि धूम ठोकली! पाणी उडतंय, टोपी पडलीय, हा आपला धावतोय. मला कवटाळून सरळ विहिरीवर झेपावला. अभिमन्यूने मला धरलं खरं, पण दोघांचं ओझं! त्यात विहिरीचा दगड घासला, एक ठिगळ सुटलं, फुस्स! "दम धर बाई, दम धर," मीच मला बजावत होते. दोघांनी पाय मारले, कड हाताला लागली आणि मगच मी प्राण सोडला.

ओरडा ऐकून हरिबाची बायको केराबाई धावत आली.

"आपलं भांडान असताना तू का उडी टाकली रं?" अभिमन्यूने धापा टाकत विचारलं.

"उपकार न्हाय केला," हरिबा खेकसला. "तुजी तडफड बगवंना. माज्याच जिवाची घालमेल थांबावी म्हणून उतरलो."

"व्हय का? मग पाठ फिरवून घरला यायचं की!" केराबाई कडाडली. "डोळं झाकलं असतं तरी घालमेल थांबली असती. पवता येत न्हाय, तरी पाण्यात कशाला शिरला?"

हरिबाने वाहत आलेली टोपी उचलून पिळली. मग विहिरीकडे बोट दाखवत तो म्हणाला, "अभिमन्यू, तितं बांबू रोवाय पायजे. उद्या आनी कुनी पडंल."

दोघांनी मिळून विहिरीच्या कडेला बांबू रोवला आणि मला त्यावर अडकवलं. अंगात हवा नाही, पण रुबाब बघा माझा! इथे मासे धरायला उद्या कोण येईल, कुठल्या गावचा असेल, दोघांनाही ठाऊक नाही. त्याच्यासाठीच तर हा खटाटोप! तेव्हा बाबांनो, कधी इकडे आलात आणि मी दिसले, तर लांबूनच जा. मला भेटायला अजिबात येऊ नका!